पुढल्या गालिच्याची हकीकत

जो सर्वांस देतो आणि कोणाचा हेवा करीत नाही, त्या नारायणास नमन असो. शके सोळाशे बावन्न, साधारण नाम संवत्सरी वर्तले ते ऐसीजे. नदीकाठच्या राज्यात राजा नव्हता. रयत हात वर करून सभा निवडी आणि सभा कारभार करी. त्या साली पुराचे पाणी विहिरींत शिरले आणि लेकरे जुलाबाने अंथरुणास लागली. तुरटीने गाळ खाली बसवावा आणि मग पाणी उकळावे, हा इलाज ठाऊक होता. परंतु तुरटीची खाण पलीकडे डोंगराच्या राज्यात, आणि तेथे महाराजांचा शब्द तोच कायदा. साळूबाई म्हणोन बाहुल्यांचे खेळ करणारी होती, तिने महाराजांसारख्या मिशांची बाहुली नाचविली, म्हणोन तीस बंदीखान्यात घातले होते. त्या दरबारी रिवाज ऐसा की, पाहुण्याने विडा उचलण्याआधी केलेला प्रश्न निरुत्तर ठेवू नये. नदीच्या सभेचे वकील गिरमाजीपंत दरसाल विड्याआधी विचारीत, "साळूबाई जिवंत आहे काय?" मग महाराजांस ती चौकात आणून दाखवावी लागे, आणि दाखवायची म्हणोन जिवंत ठेवावी लागे. ती पंतांस हात जोडी आणि परत जाई. याबद्दल पंतांस बैठक मिळे ती खांबाआड, जोड्यांच्या राशीशेजारी, आणि तुरटी विकत मिळे ती मूठभर. खाडीच्या राज्याचे वकील कोनेरराव, तेही सभेनेच पाठविलेले. परंतु ते काही विचारीत नसत. त्यांस पुढला गालिचा, वाळ्याचा पंखा आणि गाड्या भरभरून तुरटी. पंत खांबाआडून मान वाकडी करून पाहात आणि आतल्या आत जळत. कोनेररावांच्या पागोट्याचा तुरा वाऱ्याने हलला तरी पंतांस वाटे, हा मलाच चिडवितो.

त्या साली सभेत कासारांची आवडाई उभी राहून बोलली, "पंत, माझा नातू डोळे उघडीना. ती बाहुलीवाली आमची कोण लागते?" म्हातारे अध्यक्ष यशाजीबाबा बोलले, "आवडाई, उद्या तुलाच तिकडे कोंडले तर? कोणी विचारावे असे वाटेल ना?" "वाटेल की! पण आधी पोर जगू दे." मग हात वर जाहले, निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे, आणि ठराव ऐसा जाहला की, पंतांनी तुरटीही भरपूर आणावी आणि प्रश्नही विचारावा. पंत मनात म्हणाले, ठराव करणारांस जोड्यांशेजारी बसावे लागत नाही.

दरबाराच्या देवडीवर दिवाणजी आडवे आले आणि गोड बोलले, "पंत, यंदा आपला घसा बसला आहे म्हणे. बसल्या घशास पुढला गालिचा फार मानवतो, तुरटीही मानवते. आपण गप्प राहिलात तर ते जुने प्रकरण आम्हीही मिटवून टाकू." मिटविणे म्हणजे काय, हे पंतांनी विचारिले नाही. आवडाईच्या नातवासाठी हे करितो, असे मनास सांगितले, आणि ते खोटेही नव्हते. परंतु नजर गालिच्यावर होती. मग पंत कोनेररावांच्या मांडीस मांडी लावून बसले, विडा आला आणि तो पंतांनी मुकाट तोंडात टाकिला.

मग विडा कोनेररावांपुढे आला. त्यांनी हात लाविला नाही, आणि म्हणाले, "महाराज, साळूबाई जिवंत आहे काय?" पंखा थांबला. महाराजांच्या मिशा थरथरल्या, परंतु रिवाज तो रिवाज. साळूबाईस आणिले. पंतांनी पागोटे डोळ्यांवर ओढून मान खाली घातली. तिने खांबाकडे पाहिले, तेथे कोणी नव्हते. ती म्हणाली, "आमचे पंत आले नाहीत? आजारी तर नाहीत ना?"

"बाई, यंदा मी विचारिले."

तिने कोनेररावांस हात जोडिले. "देव भले करो, रावसाहेब. पण पंतांची चौकशी करा हो. त्यांनी चुकविले नसते."

पंतांच्या तोंडात विडा, तो गिळवेना आणि थुंकवेना.

मग महाराजांनी कोनेररावांखालचा गालिचा ओढविला आणि त्यांच्या गाड्या पंतांस दिधल्या. देवडीबाहेर पंतांनी रावांचा शेला धरिला. "राव, तो प्रश्न माझा होता!"

"होता. मग गिळला का?"

"तुम्ही इतकी वर्षे गालिच्यावर लोळलात, आणि आज माझे तेवढे हिसकाविलेत!"

"पंत, ती तुम्हांस हात जोडी तेव्हा तो गालिचा मला टोचे. ते हात एकदा तरी मजकडे वळावेत, ही हाव होती. आता आमची सभा माझी सालटी काढील. थोडी तुरटी द्याल?"

पंतांनी निम्म्या गाड्या दिधल्या आणि पाठ फिरविली.

घरी विहिरी निवळल्या आणि आवडाईचा नातू उठून बसला. यशाजीबाबांनी पुसले, "प्रश्न विचारिला ना?" पंत म्हणाले, "विचारिला गेला." सभेने टाळ्या वाजविल्या, त्या पंतांस चापटींसारख्या लागल्या.

पुढल्या साली रावांच्या आधी पोहोचावे म्हणोन पंत लवकर निघाले, आणि त्याच कारणे रावही लवकर निघाले. दोघांनी विडे तसेच ठेवून एका दमात विचारिले, आणि मग आधी कोण बोलला यावरून भांडू लागले. महाराजांस पुढल्या गालिच्यावर बसवावयास कोणी उरले नाही. तुरटीस गिऱ्हाइके तीच दोन, म्हणोन ती दोघांस सारखी विकावी लागली.

सारांश, साळूबाई सुटली नाही, परंतु जगली. दोन्ही सभा हे आपलेच धोरण म्हणोन मिरवीत, आणि वकील एकमेकांचे तोंड पाहात नसत. इति.