महिना अक्षरी लिहावा

हेडक्लार्कांनी जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे तीस वर्षं काढली आणि त्या खिडकीवर स्वतःच्या हातानं पाटी लावली : ‘तारखेत महिना अक्षरी लिहावा.’ कुणी आकडा लिहिलाच, तर ते त्याला खुशाल पुन्हा रांगेच्या शेपटाला धाडत. निवृत्त झाल्यावर परदेशातल्या ताईचं कार्ड आलं, ‘झालं गेलं विसरू. ५/९ ला घरी येते,’ तेव्हा मात्र आनंदाच्या भरात त्यांना आपलीच पाटी आठवली नाही.

ताई चौदा वर्षांनी येणार होती. आईचं शिवणयंत्र कुणी ठेवायचं यावरून भांडण झालं होतं आणि दोघांनीही रागारागानं एकमेकांचे फोन नंबर खोडले होते.

पाच सप्टेंबर म्हणजे हाताशी चार महिने होते. हेडक्लार्कांनी मे महिन्यातच घर रंगवायला काढलं, सामान शेजाऱ्याच्या गॅरेजात हलवलं आणि स्वतः मुलीकडे मुक्काम ठोकला. परतले तेव्हा रंगारी शिडी बांधत होता.

“नऊ तारखेला एक बाई येऊन गेल्या. मी म्हटलं, साहेब गेले, सगळं सामान हलवलं, शिवणयंत्रसुद्धा.”

“मग?”

“शिडीच्या पायरीवर जरा वेळ बसल्या आणि गेल्या.”

ताईच्या तिकडे महिना आधी लिहितात, म्हणजे ५/९ ही नऊ मे, हे हेडक्लार्कांच्या तेव्हा डोक्यात शिरलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. एका आकड्यासाठी लोकांना रांगेत ताटकळत ठेवणारा माणूस सख्ख्या बहिणीच्या बाबतीत गाफील राहिला होता.

त्यांनी लिहिलं, ‘चूक माझी. यंत्र तुझंच. १०/१२ ला ये, घ्यायला येतो.’ पुन्हा घोळ नको म्हणून या वेळी त्यांनी तिच्या पद्धतीनं महिना आधी घातला. उत्तर आलं नाही, पण टपालाचा उशीर नेहमीचाच. बारा ऑक्टोबरला ते सकाळपासून विमानतळाच्या दाराशी उभे राहिले. तीन विमानं आली, माणसं पांगली. त्यांचे पाय भरून आले. ताईनं माफ केलेलं नाही, असं मनाशी म्हणत ते घरी आले.

दाराच्या फटीत कार्ड अडकलं होतं.

‘बाळ्या, या वेळी तारीख तुझ्या पद्धतीनं वाचली, आता चुकायची नाही. डिसेंबरात थंडी असेल, स्वेटर आणते. तेवढं यंत्राला तेल घालून ठेव.’

महिना अक्षरी होता. हेडक्लार्कांनी तो दोनदा वाचला. मग तेलाची बाटली शोधली आणि यंत्राशेजारी बसून राहिले. अजून एकोणसाठ दिवस होते आणि तोवर घराला कुलूप लावायचं नव्हतं.