बिनसाहेबाचे वाचनालय

‘तळघरातला तिसरा दिवा’ या रहस्यकथेतला खुनी तिसऱ्या भागात सापडणार होता, आणि तिसरा भाग द्यायला सिंधुबाई तयार नव्हत्या.

“दुसरा भाग परत आलेला नाही, थेटेभाऊ. तो आला की तिसरा देते.”

“अहो, दुसरा मी परत केलाय!”

“माझ्याकडे नोंद नाही.”

“पण माझ्या घरात पुस्तक नाही ना! घरात नाही म्हणजे परत केलंय. सरळ गोष्ट आहे.”

“मग तसा अर्ज द्या. ‘पुस्तक परत केल्याचे स्मरते’ असा. मी शेरा मारून समितीपुढे ठेवते.”

समिती म्हणजे सिंधुबाईच. इंदिरानगरातल्या त्या सोसायटीत जिन्याखालच्या खोलीत दोन लोखंडी कपाटे होती आणि निवृत्त मुख्याध्यापिका सिंधुबाई ते वाचनालय एकहाती चालवीत होत्या. किल्ली कमरेला आणि गोल शिक्का पर्समध्ये. तो शिक्का बसल्याशिवाय त्या खोलीतून जुना दिवाळी अंकसुद्धा बाहेर पडत नसे.

‘अर्ज’ हा शब्द ऐकला की रंगनाथ थेट्यांच्या अंगाचा तिळपापड होई. मनमाडला रेल्वेत सारा जन्म काढलेला हा माणूस, पण कार्यालय म्हटले की त्याच्या कपाळाला आठ्या पडत. त्याला कारणही तसेच होते. एकदा एका कार्यालयात त्यांच्या घराची फाईल हरवली. तक्रार द्यायला गेले, तर तिथल्या साहेबांनी ती शांतपणे वाचली आणि सांगितले, “ठीक आहे. मूळ फाईलला जोडून आणा.” तेव्हापासून टेबलामागे बसलेला प्रत्येक माणूस रंगनाथांच्या लेखी संशयित होता. कादंबरीतसुद्धा शेठजींना विष घालून मारले, तेव्हा रंगनाथांनी पहिल्याच प्रकरणात शेठजींच्या कारकुनाला गुन्हेगार ठरवून टाकले होते. आता फक्त लेखकाने तसे कबूल करायचे राहिले होते.

आणि वेळ थोडा होता. तीन आठवड्यांनी येणाऱ्या रविवारी ते आणि साळूबाई मुलाकडे, जर्मनीत लाइपझिगला, तीन महिन्यांसाठी निघणार होते. खुनी मोकाट सोडून परदेशी जाणे रंगनाथांच्या अगदी जिवावर आले होते.

त्या संध्याकाळी ललितचा फोन आला. ललित तिकडे संगणकातले पैसे बनवायचे काम करी. म्हणजे नेमके काय करी, हे रंगनाथांनी पाहुण्यारावळ्यांना पुष्कळदा समजावून सांगितले होते, पण स्वतः ते आज पहिल्यांदाच विचारत होते.

“बाबा, आमच्यात बँक नाही, साहेब नाही,” ललित म्हणाला. “एकाच माणसाच्या नोंदीवर विश्वास ठेवायचाच नाही. प्रत्येक व्यवहार सगळ्यांसमोर होतो, सगळे तो पडताळतात, मगच तो पक्का. जो पडताळायची मेहनत घेतो, त्याला बक्षीस म्हणून एक नाणं. बास. बरं ठेवतो, बाटल्या टाकायला जायचंय. हिरव्या काचेच्या वेगळ्या, पांढऱ्या वेगळ्या. मागे चुकलो तर शेजारच्या आजींनी दारावर चिठ्ठी लावली होती.”

रंगनाथांनी फोन ठेवला. साहेबच नाही! आपल्या पोटी एवढा मोठा विचार जन्माला आला आणि आपण बी.कॉम. कर म्हणून त्याच्या मागे लागलो होतो, याचे त्यांना फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये सभा भरली. वाचणारे सभासद मोजकेच. तळमजल्यावरचे फकिराआप्पा, पहिल्या मजल्यावरचे पुंजाकाका आणि तिसऱ्या मजल्यावरची तेजस्विनी. साळूबाई भाजी निवडत होत्या, त्यांना तशाच ताट घेऊन बसवले.

“आजपासून वाचनालयाला साहेब नाही,” रंगनाथांनी जाहीर केले. “आपण सगळेच साहेब.”

“मग काम कोन करनार?” फकिराआप्पांनी विचारले.

“सगळे! कोणाला पुस्तक हवं असेल तर त्याने सगळ्यांसमोर मागायचं. बाकीच्यांनी ते पडताळायचं. पानं पुरी आहेत ना, शेवट कोणी फाडून नेला नाही ना. सगळे हो म्हणाले की मगच पुस्तक हातात. मागणाऱ्याने स्वतःचं पडताळायचं नाही, नाहीतर लबाडी होते. आणि पडताळणाऱ्याला नाणं.”

“कसलं नाणं?”

इथे सभासदांचे नाना, म्हणजे रंगनाथ, अडले. खरे नाणे ठेवले तर खजिनदार आला, आणि खजिनदार आला की कार्यालय आलेच. तेव्हा तेजस्विनीने तोडगा काढला. “नाना, बेदाणे चालतील का? माझ्या माहेरी दिंडोरीला घरचे आहेत. एका पुस्तकाला एक मूठ.”

ठरले. शिवाय एक सभासद लांबचा असावा म्हणजे आपसात साटेलोटे होत नाही, या तत्त्वावर ललितला फोनवरचा सभासद केले. सिंधुबाईंना निरोप गेला तेव्हा त्यांनी कमरेची किल्ली काढून दिली आणि एवढेच म्हटले, “चालवा. मी बघते.” शाळेत ज्या मुलाला त्या असे म्हणत, तो पुढे महिनाभर घाबरून असे, पण रंगनाथ त्यांच्या शाळेत कधी शिकलेले नव्हते.

पहिली मागणी अर्थातच रंगनाथांची. तिसरा भाग पडताळणीला निघाला आणि पहिल्यांदा पुंजाकाकांकडे गेला. चहा उकळायच्या आत काका खाली आले. “पडताळलं. बेदाणे द्या.”

“एवढ्यात? चारशे पानं वाचलीत?”

“वाचायचं कशाला? वजनावरून कळतं.”

रंगनाथांनी रात्री ललितला गाठले. तो म्हणाला, “बाबा, आमच्यातही असे लबाड असतात. म्हणून मेहनत केल्याचा पुरावा मागतात.” लगेच नवा नियम झाला. पडताळणाऱ्याने पुस्तक वाचल्याचा पुरावा पुस्तकातच पहिल्या कोऱ्या पानावर लिहायचा, आणि तो असा, की न वाचलेल्याला तो लिहिताच येणार नाही. “तोंडी काही चालणार नाही,” रंगनाथांनी बजावले. “मला तर कोणी एक अक्षर सांगायचं नाही!”

या नियमाने काम पक्के झाले आणि रंगनाथांचे जगणे कठीण झाले. ज्याच्या हाती पुस्तक जाई तो दोन दिवस दिसेनासा होई आणि नंतर रंगनाथांकडे बघून गूढ हसू लागे. लिफ्टमध्ये पुंजाकाका भेटले. “नाना, काय डोकं आहे हो लेखकाचं! मला वाटलं होतं की तो—”

“गप्प बसा!” रंगनाथांनी दोन्ही कानांत बोटे घातली आणि कोपराने लिफ्टचे बटण दाबले, ते नेमके गच्चीचे दाबले गेले.

घरातही सुटका नव्हती. साळूबाई एका हाताने भाकरी थापत आणि दुसऱ्या हाताने पाने उलटत वाचत होत्या. मध्येच “अगं बाई!” म्हणून त्यांनी तोंडावर हात नेला आणि गालाला पीठ लागले.

“काय झालं? नको, सांगू नकोस!”

“मी कुठे सांगतेय? भाकरी करपली.” भाकरी करपलेली नव्हती.

आणि मग घात झाला. तेजस्विनीच्या वडिलांना लेकीचे वाचनालय फार आवडले. त्यांनी दिंडोरीहून जीपमधून बेदाण्यांचे एक पोतेच पाठवून दिले. आतापर्यंत एका मुठीसाठी रात्र जागणारे सभासद आता वाटीवाटीने बेदाणे खाऊ लागले. पुंजाकाकांची साखर वाढली आणि काकू भांडायला खाली आल्या. सोसायटीत खिरीपासून शिऱ्यापर्यंत सगळ्यात बेदाणेच. नाण्याची किंमत मातीला मिळाली, आणि तिसरा भाग नेमका फकिराआप्पांकडे होता.

“मुठीवर आता परवडत नाय, नाना,” आप्पा खाटेवर पाय पसरून म्हणाले. “बेदाना लय झाला. घरात मुंग्या बी खाईना.”

“अहो, पण रविवारी मला निघायचंय! निम्मं तर झालंय ना वाचून?”

“झालंय की. लय भारी हाय. पन निम्म्यावर कोन सही करंल?”

साहेब असता तर रंगनाथ त्याच्याशी भांडले असते, वर तक्रार केली असती. इथे वर कोणी नव्हतेच. शेवटी जर्मनीहून परतताना शेतात न्यायची मोठी बॅटरी आणायचे कबूल केले, तेव्हा आप्पांनी पुन्हा चष्मा लावला. लाच या गोष्टीविरुद्ध आयुष्यभर बोललेल्या रंगनाथांनी ती बॅटरी मनातल्या मनात ‘प्रवासखर्च’ या सदरात टाकली.

शुक्रवारी दुपारी आप्पांची सही झाली. आता एकट्या ललितचा होकार राहिला, आणि लांबचा म्हणून त्याला लेखी पुराव्याची सूट होती. पार्किंगमध्ये सगळे जमले, दुचाकीच्या सीटवर फोन उभा केला आणि तिकडे लाइपझिगला सकाळी ललित पडद्यावर आला. मागे लांबलचक मार्गिका, भिंतीला टेकलेल्या खुर्च्या आणि प्रत्येक माणसाच्या मांडीवर कागदांची पिशवी.

“बाबा, हळू बोला. इथे मोठ्याने बोललं की लोक वळून बघतात.”

“कुठे आहेस तू?”

“कार्यालयात. राहायचा परवाना वाढवायचाय. कधीचा बसलोय. जन्मदाखल्याच्या भाषांतरावर चौकोनी शिक्का आहे, यांना गोल हवाय.”

रंगनाथांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मुलाच्या हातात नंबराची चिठ्ठी होती.

“अरे, तुमच्यात साहेब नसतो ना?”

“पैशांना नसतो, बाबा. माणसांना असतोच.”

“बरं, ते राहू दे. तू ‘तळघरातला तिसरा दिवा’च्या तिसऱ्या भागाला हो म्हण, म्हणजे झालं.”

“हो म्हणतो की. पण तिसरा भाग आहे का? वा! मी दुसराच वाचतोय इथे, वेळ जात नाही म्हणून.”

आणि त्याने मांडीवरचे पुस्तक कौतुकाने वर धरले. काळे मुखपृष्ठ, त्यावर पिवळा दिवा.

कोथिंबिरीची जुडी घेऊन सिंधुबाई तेवढ्यात गेटमधून आत येत होत्या. त्या थांबल्या. चष्मा डोळ्यांवर चढवून फोनपाशी आल्या.

“ललित, आतलं पान उघड.”

सिंधुबाई ललितच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. परदेशी कार्यालयातल्या त्या मार्गिकेत ललित ताडकन उभा राहिला. “हो, बाई.” आणि आतल्या पानावरचा गोल शिक्का साऱ्या सभासदांनी स्वच्छ पाहिला.

“हे तुझ्याकडे कसं आलं?”

“दिवाळीत आलो होतो ना, बाई, तेव्हा बाबांच्या उशाखालून घेतलं, विमानात वाचायला. विचारणार होतो, पण बाबा घोरत होते.”

“पडताळलं,” पुंजाकाका म्हणाले.

“मला बी मान्य,” आप्पा म्हणाले. तेजस्विनीने हात वर केला. साळूबाईंनीही केला. पहिल्यांदाच सगळे इतक्या चटकन एकमताचे झाले, आणि बेदाणे कोणीच मागितले नाहीत. दुसरा भाग परत आलेला नसल्यामुळे तिसऱ्याची मागणी त्याच एकमताने फेटाळली गेली.

रंगनाथांनी एकेकाला विनवून पाहिले. जो तो म्हणे, “माझं काही नाही हो, बाकीच्यांना विचारा.” आपल्याला साहेब का हवा असतो, ते त्या दिवशी त्यांना उमगले. साहेब नसला तर माणसाने गयावया करायची कोणापुढे?

शनिवारी सकाळी ते सिंधुबाईंच्या दारात उभे राहिले. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात अर्ज. ‘पुस्तक परत केल्याचे स्मरत होते, ते चुकीचे स्मरत होते, तरी कृपया क्षमा असावी.’

सिंधुबाईंनी अर्ज वाचला. एक काना लाल शाईने दुरुस्त केला.

“नियमाने तिसरा भाग देता येत नाही, थेटेभाऊ.”

“हो, बाई.” ‘बाई’ हा शब्द तोंडातून कसा गेला, ते त्यांना कळले नाही.

“पण नियमात बसवता येतं.” त्यांनी अर्जावर लिहिले, ‘दुसरा भाग वाचनालयाच्या लाइपझिग शाखेकडे वर्ग करण्यात आला आहे. शाखाप्रमुख : ललित थेटे.’ खाली सही केली आणि शिक्का मारला. “आता तुमच्याकडे काही बाकी नाही. येताना शाखेची तपासणी करून पुस्तक घेऊन या.”

रंगनाथांना गहिवरून आले. इतके सुंदर सरकारी काम त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. सिंधुबाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरीने बांधून तिसरा भाग त्यांच्या हातावर ठेवला.

त्यांनी तो घरात उघडला नाही, मुंबईच्या वाटेवर घाटातही उघडला नाही. विमानात बसून पट्टा बांधला, साळूबाईंना खिडकी दिली, चष्मा पुसला, आणि मग सावकाश दोरी सोडली. पहिले पान उघडले.

कोरे पान आता कोरे नव्हते. सगळ्यांत शेवटी लिहिणाऱ्या आप्पांनी वरची मोकळी जागा धरली होती.

‘पाने सगळी हायेत. खून धाकट्या आत्यानं केला. विष पानाच्या डब्यात व्हतं. — फकिरा.’

‘आत्याच. कारकून बिचारा निर्दोष. — पुंजा.’

‘मला पहिल्यापासून आत्याचाच संशय होता. — तेजस्विनी.’

आणि सगळ्यात खाली ओळखीच्या वळणदार अक्षरात : ‘बरोबर आहे. डबा तळघरात, तिसऱ्या दिव्यामागे सापडतो. — सौ. साळूबाई रंगनाथ थेटे.’ शाईच्या बाजूला पिठाचा अंगठा उमटला होता.

रंगनाथांनी हळूच मान वळवली. “अगं, तूसुद्धा?”

“तुम्हीच म्हणालात ना,” साळूबाई खिडकीतून मुंबईचे दिवे बघत म्हणाल्या, “तोंडी काही चालणार नाही. म्हणून लिहून दिलं.” आणि पर्समधून त्यांनी पुडी काढून त्यांच्यापुढे धरली. “घ्या, बेदाणे खा. लांबचा प्रवास आहे.”