बंबवाले पेटतात तेव्हा

सुताराचा उजवा गुडघा चांगलाच सुजला होता, पण त्याच्या बायकोच्या मते त्याहून मोठी सूज पाहुणी म्हणून घरात येऊन बसली होती. ही सूज म्हणजे तिच्या नणंदेचे यजमान. बँकेतून निवृत्त झाल्यावर भावोजींनी शनिवार-रविवारचा एक आहारवर्ग केला होता आणि तेवढ्या भांडवलावर ते जगाची सांधेदुखी बरी करायला निघाले होते. नणंदेने त्यांची बॅग इतक्या उत्साहाने भरून दिली होती की हिला तेव्हाच संशय यायला हवा होता.

गुडघ्याचं दुखणं साधं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "सूज उतरेपर्यंत गुडघे टेकून काम बंद." पण सुताराला एका नृत्यशाळेची लाकडी जमीन बसवायची होती आणि जमीन काही उभ्याने बसवता येत नाही. शाळेच्या बाई महिनाअखेरपर्यंत थांबणार होत्या. तोवर गुडघा धड झाला नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. एवढं मोठं काम त्याला आजवर मिळालं नव्हतं, म्हणून तो घरामागच्या कारखान्यात रोज गुडघे टेकूनच फळ्या जुळवून बघायचा आणि सूज वाढवून घ्यायचा.

"वहिनी, स्वयंपाक कुठल्या तेलात करता?" भावोजींनी आल्या आल्या विचारलं.

"सूर्यफुलाच्या."

"तरीच!" चोर सापडल्यासारखे ते ओरडले. मग त्यांनी तिच्या पांढऱ्याशुभ्र फ्रिजच्या दारावर, न पुसल्या जाणाऱ्या शाईने, दोन गोल काढले. "हे ओमेगा सहा. हे आग लावणारे. आणि हे ओमेगा तीन. हे बंबवाले. तुमच्या तेलात नुसते आग लावणारे भरलेत. ते रक्तातून गुडघ्यात जातात आणि जाळपोळ करतात. त्याचीच ही सूज."

"पण डॉक्टर तर म्हणाले, शरीराला दोन्ही लागतात. आणि सूज गुडघे टेकल्यामुळे आहे."

"डॉक्टरांना आहारातलं काय कळतं?"

त्याच दिवशी सूर्यफुलाच्या तेलाचे डबे शेजारच्या शिवणकामवालीकडे गेले. तिला आग लावणाऱ्यांचं काहीच वाटलं नाही. उलट तिच्या खिडकीतून रोज तळणाचा वास येऊ लागला. इकडे घरात जवसाच्या तेलाच्या बाटल्या आल्या. बाटलीवर निळं फूल होतं, लाल हृदय होतं. रोज सकाळी अर्धी वाटी कच्चं तेल सुताराने घ्यायचं, असा हुकूम सुटला.

सुताराने वाटी हुंगली. "भावोजी, हे तर मी टेबलांना चोळतो त्यातलं."

"लाकूड चमकतं ना? मग गुडघा का नाही चमकणार?"

थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती. तेल घशाखाली उतरत नव्हतं, आणि चांगलं तेल मोरीत ओतायला सुताराचा हात धजत नव्हता. मग त्याने त्याच्या परीने मार्ग काढला. भावोजींची पाठ वळली की वाटी चिंधीवर उपडी करायची, ती चिंधी स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर फिरवायची आणि बोळा करून फ्रिजमागच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कोंबायची. फळ्या लखलखू लागल्या. बायकोला वाटलं, भावोजी निदान पुसापुशी तरी करतात, आणि क्षणभर तिला त्यांच्याबद्दल बरं वाटलं. पुढे या क्षणाची तिला फार लाज वाटली.

कारखान्यात हाच सुतार तेलाच्या चिंधीचा कुणी बोळा केला की अंगावर धावून जायचा. "पसरून वाळव! बोळा केलास तर आपोआप तापेल आणि पेटेल!" पण घरात बाटलीवर फूल आणि हृदय होतं. वास ओळखूनही, हे औषध कारखान्यातल्या तेलासारखंच पेटेल, हे त्याच्या डोक्यातच शिरलं नाही.

एका दुपारी फ्रिजमागून धूर यायला लागला. "भावोजी, पाणी!" ती ओरडली. भावोजींची खोली रिकामी होती. ती मदतीला शेजारी धावली, तर भावोजी शिवणकामवालीच्या टेबलाशी ठाण मांडून बसलेले, पुढ्यात तळलेल्या बटाट्यांची बशी आणि दोन्ही गाल फुगलेले.

"वहिनी, मी यांना सांगत होतो की हे असलं खाऊ..."

"तुमचे बंबवाले पेटलेत! बादली घ्या आणि चला!"

तोवर सुतार कारखान्यातून लंगडत आला होता. त्याने जळतं खोकं सांडशीने ओढत अंगणात नेलं आणि उंबऱ्यावर त्याचा डावा पाय मुरगळला. आग विझली. भिंत काळीठिक्कर पडली, आणि फ्रिजच्या कडेची काजळी दारावरच्या ओमेगांपर्यंत पोहोचली.

"त्या चिंध्या माझ्याच," पाय बांधून घेताना सुतार पुटपुटला.

आता गुडघे टेकणं सोडाच, त्याला पलंगावरून उतरायचीही चोरी झाली. तो निमूट पडून राहिला, आणि डॉक्टर म्हणाले होते तशी गुडघ्याची सूज ओसरली. महिना संपायच्या आत डावा पायही जमिनीवर ठरू लागला. नृत्यशाळेच्या बाई चौकशीला आल्या, तर भावोजी गुडघ्याकडे बोट दाखवत पुढे. "बघा! जवसाचा चमत्कार!"

मग मात्र बायकोचं डोकं फिरलं. "यांनी थेंबभरही प्यायलं नाही, भावोजी. सगळं तेल चिंध्यांनी प्यायलं."

भावोजींनी बोट गुडघ्यावरून सुताराच्या हातांकडे वळवलं. "म्हणजे हाताच्या कातडीतून शोषलं गेलं! अहो, हा तर त्याहून मोठा शोध!"

बाईंनी काम नक्की केलं आणि हसू दाबत निघून गेल्या. बायकोने उरलेलं जवसाचं तेल आणि एक चिंधी भावोजींच्या हातात दिली. "तुमची बोटं आखडतात म्हणत होता ना? भिंत मी घासली. तुम्ही फळ्या पुसा, म्हणजे चांगलं शोषलं जाईल."

एक फळी पुसून होते न होते तोच भावोजींना घरची आठवण आली. बायकोने नणंदेला फोन लावला. "वन्सं, भावोजी संध्याकाळी निघतायत."

"अगं, इतक्यात? राहू दे की आणखी," नणंद काकुळतीला आली.

"नको हो. तुमचा खांदा दुखतो, त्याची काळजी लागलीय त्यांना."

भावोजी गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली. तेलाच्या चिंधीचा बोळा करून त्यांनी तो फ्रिजमागे टाकला होता.