तोफेला दिलेली भूल

वाहिनीवरच्या चर्चेला जायचं की नाही, यावर डॉक्टरांच्या स्वयंपाकघरात सकाळपासून चर्चा चालू होती, आणि ती वाहिनीवरच्या कुठल्याही चर्चेइतकीच निष्फळ होती.

डॉक्टर दातांचे. वीस वर्षं गावाचे दात काढल्यावर त्यांना वाटलं, आता गावाचं काही भलंही करावं. म्हणून ते नगराध्यक्षपदासाठी उभे राहिले. समोर होते सध्याचे अध्यक्ष, आणि मध्ये गावातली एकुलती एक वृत्तवाहिनी. या वाहिनीने डॉक्टरांवर पहिल्या दिवसापासून दात धरला होता. पहिल्याच सभेत डॉक्टर म्हणाले होते, "लोक विचारतात, तुम्हाला खुर्चीचा मोह आहे का? हो, आहे, पण माझी खुर्ची दवाखान्यात आहे." वाहिनीने त्यातला प्रश्न आणि "हो, आहे" एवढंच दाखवलं. आठवडाभर दाखवलं.

"अजिबात जायचं नाही, भावोजी," मेहुणा म्हणाला. तो प्रचारप्रमुख होता, कारण घरात रिकामा तोच होता. "तोफ तुम्हाला जिवंत सोडणार नाही."

तोफ म्हणजे त्या वाहिनीचा निवेदक. तो बोलायला लागला की लोक आवाज कमी करत, तरी तो शेजारच्या घरात ऐकू जाई.

"नाही गेले तर घाबरले म्हणतील," डॉक्टरांची बायको म्हणाली.

"ताई, गेले तर खरंच घाबरतील. त्यापेक्षा नुसतं म्हटलेलं बरं."

जायचं नाही असं ठरलं. मेहुण्याने बहिष्काराचं पत्रक काढलं. त्यात 'लोकशाही' हा शब्द पाच वेळा होता आणि एकदाच बरोबर लिहिला होता. डॉक्टर हलक्या मनाने दवाखान्यात गेले.

दुपार कलल्यावर वाहिनीची गाडी दवाखान्यासमोर येऊन उभी राहिली. मेहुणा दारात आडवा उभा राहिला. "मुलाखत मिळणार नाही!" पण गाडीतून कॅमेरा उतरला नाही. उतरला निवेदक, गालाला रुमाल लावून. गाल असा फुगला होता, की दोन्ही बाजूंनी पाहिलं तर दोन वेगळी माणसं वाटावीत.

"दुसरे डॉक्टर आहेत ना गावात," मेहुणा म्हणाला.

"ते अध्यक्षांच्या प्रचारफेरीत घोषणा देतायत," निवेदक कण्हत म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो हळू बोलत होता. "संध्याकाळी चर्चा आहे. काहीही करा, पण हे दुखणं थांबवा."

डॉक्टरांनी त्याला खुर्चीत बसवलं. दाढेच्या मुळाशी पू झाला होता. "भूल द्यावी लागेल," त्यांनी बजावलं. "अर्धी जीभ आणि ओठ काही तास बधिर राहतील. बोलणं जड जाईल."

"द्या!"

"नीट विचार करा. चर्चा..."

"द्या हो!"

डॉक्टरांनी भूल दिली. तेवढ्याने भागलं नाही, म्हणून आणखी दिली. दाढ उघडून पू काढला. निवेदकाला इतकं बरं वाटलं, की त्याने उठून डॉक्टरांचा हात हातात घेतला आणि काहीतरी मनापासून बोलला. त्यातला एकही शब्द शब्दासारखा नव्हता.

तासाभरात वाहिनीवर पट्टी फिरू लागली: 'चर्चेतून पळणाऱ्या उमेदवाराने सुई टोचून तोफ बंद केली.'

मेहुणा धावत आला. "भावोजी, आता जावंच लागेल."

"सकाळी तू म्हणत होतास..."

"सकाळी तुम्ही नुसते भित्रे होतात. आता गुन्हेगार आहात."

डॉक्टर अंगातल्या पांढऱ्या कोटासकट वाहिनीच्या कचेरीत गेले. दोन वाक्यांत खुलासा करायचा आणि परत यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आत वेगळाच गोंधळ होता. तीन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीत अध्यक्ष प्रसन्न चेहऱ्याने बसले होते. मधल्या खुर्चीत निवेदक तोंड पुसत होता. कार्यक्रमाची निर्माती डोक्याला हात लावून उभी होती.

"प्रश्न दुसऱ्या कुणीतरी वाचा ना," डॉक्टर म्हणाले.

"लिहिलेलेच नसतात. हे आयत्या वेळी चिडतात आणि विचारतात."

"मग आता त्यांना लिहू द्या."

निर्मातीने एक कागद पुढे केला. त्यावर निवेदकाचं अक्षर होतं, जणू मुंग्या शाईत बुडून चालत गेल्या होत्या.

"एवढं कशाला मनाला लावून घेता?" अध्यक्ष म्हणाले. "प्रश्न नसले तर नसले. तासभर मी एकटाच बोलतो की."

त्यावर निवेदक ताडकन उठला आणि हातवारे करत बरंच काही बोलला. सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

"छे छे, उतरेल," डॉक्टर सवयीने म्हणाले. "कायमचं नाही राहत. आणि मी मुद्दाम नाही केलं."

"तुम्हाला कळलं?" निर्मातीने विचारलं.

"वीस वर्षं लोक माझ्याशी असंच बोलतायत," डॉक्टर म्हणाले.

पुढच्या मिनिटाला ते तिसऱ्या खुर्चीत होते आणि समोरचा लाल दिवा लागला होता.

निवेदक त्यांच्याकडे बोट रोखून गुरगुरला. डॉक्टरांनी घसा साफ केला. "ते मला विचारतायत, की ज्याला दात उपटण्यापलीकडे काही येत नाही, तो गाव काय चालवणार?" मग ते थोडं वळून बसले आणि उत्तर दिलं: माणसं चांगली निवडीन, सगळ्यांना विचारून करीन, वगैरे.

निवेदक पुन्हा गुरगुरला.

"ते म्हणतात, उत्तर गुळमुळीत होतं." डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. "होतं खरं. परत देतो."

कॅमेऱ्यामागे मेहुणा ओठ हलवत होता: 'भावोजी, थोडं चुकीचं ऐका ना!'

पण डॉक्टरांना ते जमेना. तोंड उघडून बसलेल्या माणसाला जे म्हणायचंय तेच ऐकायचं, ही त्यांची आयुष्यभराची सवय. पुढचा प्रश्न मात्र ऐकला आणि त्यांनी उगाच कोटाची बाही सारखी केली. हा प्रश्न गिळला असता तर कुणालाच कळलं नसतं. निवेदक त्यांच्याकडे टक लावून पाहत होता.

"ते विचारतायत," डॉक्टर हळू म्हणाले, "की माझ्या दवाखान्याच्या पायऱ्या गटारावर बांधल्यात, त्याचं काय."

अध्यक्षांचा चेहरा उजळला.

"बांधल्यात," डॉक्टर म्हणाले. "दोन. उद्या काढतो."

घरी टीव्हीसमोर बसलेली त्यांची बायको म्हणाली, "मी आठ वर्षं सांगतेय."

दिव्यांचा उकाडा वाढला होता. निवेदक आता अध्यक्षांकडे वळला. "हाणी," तो म्हणाला.

"तुम्हाला पाण्याबद्दल विचारतायत," डॉक्टरांनी सांगितलं.

"कुठल्या पाण्याबद्दल?" अध्यक्षांनी सावध होऊन विचारलं.

"हाणी! हाणी!" निवेदकाने टेबलावर हात आपटला.

"जोर देऊन विचारतायत."

"हे बघा, नव्या टाकीबद्दल उगाच अफवा पसरवू नका."

टाकीचं नाव कुणीच काढलं नव्हतं. निवेदकाने बोटांनी पेल्याचा आकार करून दाखवला.

"एवढंसंच येतं असं म्हणायचंय का तुम्हाला?" अध्यक्ष भडकले. "येईल! नळ जोडल्यावर येईल! उद्घाटनाला भरलीच होती की टँकरने! सगळीकडे असंच करतात!"

निर्मातीच्या हातातला कागद खाली पडला. इतक्यात कुणीतरी लगबगीने पाण्याचा पेला आणून ठेवला. निवेदकाने तो दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला. अर्धं पाणी पोटात गेलं, अर्धं हनुवटीवरून शर्टात, आणि त्याने समाधानाने डोळे मिटले.

डॉक्टरांना एकदम अवघडल्यासारखं झालं. "माफ करा," ते कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाले. "माझीच चूक झाली. त्यांना तहान लागली होती. तो प्रश्न नव्हता."

अध्यक्षांनी उघडलेलं तोंड कार्यक्रम संपेपर्यंत तसंच राहिलं. तेवढ्या वेळात डॉक्टरांना त्यांच्या वरच्या दोन दाढा किडलेल्या दिसल्या, पण ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गवंडी येऊन पायऱ्या फोडून गेला. गटारावर एक फळी टाकली होती, आणि तीवरून तोल सांभाळत पेशंट आत येत होते. संध्याकाळी सगळे गेल्यावर खुद्द अध्यक्षच फळीवरून आले. घाम पुसत ते खुर्चीत आडवे झाले.

"मतदानाआधी आणखी एक चर्चा ठेवलीय त्यांनी," ते म्हणाले.

"मलाही बोलावलंय."

"माझी माणसं म्हणतात, जाऊ नका. ती वाहिनी आता आपली राहिली नाही. पण नाही गेलो, तर घाबरला म्हणतील."

"मग जा."

"गेलो, तर बोलावं लागेल." अध्यक्षांनी आवाज आणखी खाली आणला. "डॉक्टर, ते त्याला दिलंत ना, ते इंजेक्शन. मला द्या. दोन्ही बाजूंना. आणि त्या दिवशी शेजारी बसून माझं काही ऐकू नका."

"असं नाही देता येत. दुखत असेल तरच भूल देतात."

"दुखतंय की."

डॉक्टरांनी दिवा ओढून तोंडावर आणला, आरसा उचलला आणि सवयीने विचारलं, "नेमकं कुठं?"

अध्यक्षांनी मान उचलून दार लागलंय का ते पाहिलं.

"टाकीत," ते म्हणाले.