कोंबडी अभिप्रायार्थ सादर

आमच्या सौभाग्यवतींना ताप येऊन बारा दिवस झाले होते. मिनतवाऱ्या केल्यावर दोन घास मऊ भात जायचा, तेवढाच. डॉक्टरांनी बजावलं होतं की उद्यापर्यंत पोटात नीट काही गेलं नाही तर भरती करून सलाईन लावावं लागेल. त्या आपणहून जे मागतील ते लगेच द्या. आणि तेराव्या दिवशी सकाळी दहा वाजता सौभाग्यवतींनी चक्क मागितलं. माझ्या भाचीने मागे केली होती ती, इंडोनेशियाच्या पद्धतीची, नारळाच्या दुधातली कोंबडी. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही.

मी चौतीस वर्षं आवक-जावक विभागाचा प्रमुख होतो. माझ्या टेबलावरून एकही अपुरा कागद पुढे गेलेला नाही. सबब स्वयंपाक मीच करायचा असं ठरवलं. सूनबाई म्हणाली, मी तासाभरात करून देते. तिला काय कळणार? घाईत काम उरकलं की पुढे उत्तरं कुणाला द्यावी लागतात, हे तिला कुणी शिकवलेलंच नाही.

भाचीने मोबाईलवर कृती पाठवली. गवती चहा, आलं, लसूण, ओली हळद, मिरच्या, सगळं सरळ होतं. घोडं अडलं ते तिकडच्या एका तेलकट बीपाशी. ती वाटून रस्सा दाट करायचा. खाली भाचीने लिहिलं होतं, 'नसेल तर काजू.' आता 'नसेल' हे ठरवायचं कुणी? मला वाटलं म्हणून नाही, असं चालत नसतं. मी मुलाला तीन दुकानांतून अनुपलब्धतेचे लेखी दाखले आणायला धाडलं. दोघांनी 'नाही' लिहून सही दिली. तिसऱ्याने लिहिलं, 'परवा येईल.' म्हणजे वस्तू आहे, फक्त आज नाही. झाली पंचाईत. मुलगा म्हणाला, टाका की काजू. मी त्याला परत पाठवला. दुकानदाराने दुरुस्ती करून दिली, पण खाडाखोडीवर सही केली नाही. तिसऱ्या खेपेनंतर काजूंना तात्पुरती मान्यता दिली. तोवर साडेबारा वाजले होते.

रस्सा झाला तेव्हा दोन वाजले. वास असा सुटला होता की जिन्यातली पावलं आमच्या दाराशी रेंगाळत होती. वाढायचं तेवढं बाकी होतं. पण कृतीच्या शेवटी होतं, 'चवीपुरतं मीठ.' कुणाच्या चवीपुरतं? सक्षम अधिकारी म्हणाल तर सौभाग्यवती, आणि तापाने त्यांच्या तोंडाची चव गेलेली. म्हणून तिघांची समिती नेमली. मी, मुलगा आणि माझा मेहुणा. हा बहिणीला बघायला आला होता आणि वासामुळे स्वयंपाकघरातच अडकला होता.

पहिल्या नमुन्यावर मुलाने 'ठीक' असा अभिप्राय दिला, मेहुण्याने 'किंचित कमी' असा. चिमूटभर वाढवून दुसरा नमुना काढला. नुसत्या रश्शावरून मत देणं बेजबाबदारपणाचं होईल, असं मेहुण्याचं म्हणणं पडलं. तेव्हा प्रत्येक नमुन्यासोबत एकेक तुकडा जोडावा असं एकमताने ठरलं. पाचव्या नमुन्याला त्याने भात मागितला. सूनबाई दोनदा रिकामं ताट घेऊन आली. प्रकरण विचाराधीन आहे, असं मी तिला शांतपणे सांगितलं.

साडेचारला मिठावर एकमत झालं. इतिवृत्तावर तिघांनी सह्या केल्या. पातेल्यात एक तंगडी उरली होती. उद्या कुणी हरकत घेतलीच तर दाखवायला हवी, म्हणून ती राखीव नमुना म्हणून झाकून ठेवली. तेवढ्यात भिंत धरत धरत सौभाग्यवती स्वतःच आल्या. मी वाटीभर रस्सा पुढे केला. त्यांनी वाटीकडे पाहिलं, भावाच्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अहो, भूक लागली होती मला," त्या म्हणाल्या. "खूप लागली होती. वाट बघता बघता गेली."

मी वाटी खाली ठेवली. पण कागदोपत्री माझी काहीच चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नर्सने विचारलं, यांनी शेवटचं काय खाल्लं? मी इतिवृत्त पुढे केलं.

आता आत सलाईन चालू आहे आणि मी बाहेर बाकावर बसून हे लिहितो आहे. सूनबाई माझ्याशी बोलत नाही. तुम्हीही हसत असाल, हसा. फक्त मघाशी तुम्हाला आतल्या खोलीतून कुणीतरी हाक मारली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "एवढं वाचून होऊ दे."