तळ्याकाठचे पाच तारे

माणूस स्वतःच्या घरात कंटाळतो आणि दुसऱ्याच्या घरात दमतो. या दोन अवस्थांमधल्या प्रवासाला सुट्टी म्हणतात. ती वर्षातून एकदा घेतलीच पाहिजे, कारण न घेतल्यास ती बाद होते. (कार्यालयात रजेच्या नोंदवहीचं टेबल माझ्याकडेच आहे, तेव्हा हे मी अधिकारवाणीनं सांगतो आहे.)

यंदाच्या सुट्टीला मात्र सबळ कारण होतं. आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख पडली होती. दवाखान्यातून घरी आल्यावर आई म्हणाली, "त्याच्या आधी मला एकदा डोंगरातल्या तळ्यात पाय सोडून बसायचंय. नंतर तुम्ही कोणी मला खाली बसूच देणार नाही." गेल्या तीस वर्षांत आईनं आमच्याकडे काही मागितलं असेल तर ते 'पंखा जरा बारीक कर' एवढंच. त्यामुळे आम्ही सगळे गहिवरलो आणि ताबडतोब कामाला लागलो.

कामाची वाटणी रीतसर झाली. फोटो तपासणं लेकीकडे, आधी राहून गेलेल्यांचे अभिप्राय वाचणं बायकोकडे, आणि नकाशावर अंतर मोजणं माझ्याकडे. एकोणीस दिवसांत आम्ही मोबाइलवर सुट्टीपुरती भाड्यानं मिळणारी एकशे त्रेचाळीस घरं पाहिली आणि अकराशे सव्वीस अभिप्राय वाचले. (माझ्या पदवीच्या तीन वर्षांत मिळून एवढं वाचन झालं नव्हतं.) या अभ्यासातून काही शब्दांचे खरे अर्थ हाती आले. 'तळ्याकाठी' म्हणजे मध्ये रस्ता आहे. 'तळ्यालगत' म्हणजे मध्ये रस्ता आणि हॉटेल आहे. 'तळ्याच्या सान्निध्यात' म्हणजे गावात कोणाला विचारलं तर तो म्हणेल, "कुठलं तळं?" आणि 'तळ्याची झलक' दिसते ती न्हाणीघराच्या खिडकीतून, तीही बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहिल्यास.

एका घराला तीनशे चांगले अभिप्राय होते आणि एक वाईट: 'चमचे लहान आहेत.' बायको म्हणाली, "आज चमचे निघाले, उद्या आणखी काय निघेल सांगता येतं का?" ते घर बाद झालं. दुसऱ्याला एकही वाईट अभिप्राय नव्हता. "सगळेच चांगलं म्हणतायत म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय," बायको म्हणाली. तेही बाद.

आई रोज संध्याकाळी येऊन विचारायची, "तिथलं पाणी गार असतं का गं?"

"चार पूर्णांक सहा तारे आहेत, आजी," लेक मान वर न करता सांगायची.

विसाव्या दिवशी घर सापडलं. लाकडी, बुटकं, आणि दारापासून पाण्यापर्यंत मोजून अकरा पावलं. आम्ही तत्काळ मागणी नोंदवली. दहा मिनिटांत नकार आला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपण जसे घराला तारे देतो, तसे घरमालकही आपल्याला देतात. पाचापैकी आमच्या कुटुंबाचे होते तीन पूर्णांक दोन. दोन वर्षांपूर्वी एका घरात माझ्या मेहुण्यानं ओला टॉवेल दिव्याच्या टोपीवर वाळत घातला होता. तेव्हापासून हा डाग आमच्या कपाळी आहे. बायकोनं मालकीणबाईंना विनंतीपत्र लिहिलं: आम्ही चौघे शांत आहोत, हळू चालतो, दारं आपटत नाही, आणि सोबत माझा भाऊ येणार नाही याची लेखी हमी देतो. बाईंनी होकार कळवला. घरात लग्न ठरल्यासारखा आनंद झाला. मेहुणा मात्र अजून बोलत नाही.

"हे बघा, ही शेवटची संधी," बायकोनं गाडीत बसायच्या आधी बजावलं. "या वेळी स्टार गेले तर जन्मभर आपल्याला कोणी दारात उभं करणार नाही."

पोचलो. तळं होतं, आणि फोटोत होतं त्याहून बरंच होतं. आई दारातच थबकली. "अगंबाई!" एवढंच म्हणाली, आणि चपला काढू लागली.

"आजी, थांब!" लेक ओरडली. तिच्या हातात घराच्या नियमांची फाइल होती. एकूण नियम सदतीस. ते मी उभ्यानं मोठ्यानं वाचले. (बसण्याविषयीचा नियम अजून यायचा होता.) नियम चौदा: ओल्या पायांनी लाकडी जमिनीवर येऊ नये. नियम एकोणीस: टॉवेल घराबाहेर नेऊ नयेत. नियम सव्वीस: खुर्च्या जागच्या हलवू नयेत. आता विचार करा. पाय ओले झाले तर आत येता येत नाही. पुसायला टॉवेल बाहेर नेता येत नाही. वाळेपर्यंत बसायला खुर्ची नेता येत नाही, आणि उभं राहायला आईला गुडघे नाहीत. तेव्हा पाय ओले न होणं हाच एक मार्ग उरतो. नियम किती विचारपूर्वक केले होते ते इथे लक्षात येतं.

तरी मी मालकीणबाईंना निरोप पाठवून विचारलं. लगेच उत्तर आलं: "अहो, खुशाल बसवा आईंना! घर आपलंच समजा!" आणि पुढे तीन हसरे चेहरे. त्या चेहऱ्यांवर आमची तासभर चर्चा झाली. एक असता तर ठीक होतं, तीन जरा जास्तच वाटत होते. "'आपलंच समजा' म्हणतेय खरी," बायको म्हणाली, "पण स्टार देताना ती स्वतःचंच समजणार." परवानगी एकमतानं फेटाळण्यात आली. आईचं मत मोजलं नव्हतं.

पहिला दिवस घरातल्या आधीच्या ओरखड्यांचे फोटो काढण्यात गेला, म्हणजे आळ आमच्यावर यायला नको. (ओरखडे एकशे सहा. त्यातला एक ओरखडा फोटो काढताना आमच्याच हातून पडला, तो आम्ही घासून मिटवला.) दुसऱ्या दिवशी ओटा खराब होऊ नये म्हणून जेवण गाडीत केलं. तिसऱ्या दिवशी निघण्याची रंगीत तालीम केली. या सगळ्या काळात आई काचेच्या दाराआड खुर्चीत बसून तळ्याकडे बघत होती. काचेला हात लावू नये असं तिला सांगावं लागलं नाही, तिचं तिनंच ओळखलं.

तिसऱ्या संध्याकाळी लेक हळूच म्हणाली, "बाबा, सोडू या ना आजीला. मी पुसते नंतर."

मीही काही दगड नाही. मी तोडगा काढला: उद्या सकाळी, अगदी निघताना. पाय ओले झाले तरी परत आत यायचा प्रश्नच नाही, आम्ही तिला थेट उचलून गाडीत बसवू. सगळ्यांना तो पटला. आई तर लहान मुलीसारखी हसली. सकाळी सहालाच ती चपला पिशवीत घालून तयार होती.

दहाला घर सोडायचं होतं. सामान गाडीत भरेपर्यंत आईला रस्त्याकडच्या दारात बसवलं, कोणाच्या पायात यायला नको म्हणून. मग मी आणि बायकोनं जमीन पुसायला घेतली. पुसताना माणसानं आतून बाहेर यावं असं शास्त्र आहे. गाडी रस्त्याच्या बाजूला होती, म्हणून आम्ही तळ्याकडच्या दारापासून सुरुवात केली आणि मागे मागे सरकत रस्त्याच्या दाराशी आलो. काम इतकं सुरेख झालं होतं की दोघं क्षणभर बघत राहिलो. मग मागे वळून पाहिलं. आई अलीकडे, तळं पलीकडे, आणि मधे ओली, चकचकीत, एकही ठसा नसलेली जमीन. बाहेरून वळसा घालायचा तर बावीस दगडी पायऱ्या होत्या. घड्याळात दहाला आठ मिनिटं कमी होती.

आईनं पिशवीतून चपला काढून घातल्या. मला वाईट वाटलं. (नोंद असावी म्हणून सांगतो.)

गाडी घाट उतरू लागल्यावर ती म्हणाली, "पुढच्या वेळी तळं नसलं तरी चालेल रे. सांडलेलं चालेल असं घर बघ."

ऑपरेशन झालं त्याच दिवशी मालकीणबाईंचा अभिप्राय आला. पाच तारे! 'अतिशय उत्तम पाहुणे. घर दिलं तसंच परत मिळालं. जणू कोणी आलंच नव्हतं.' बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं तो दवाखान्यात आईला दोनदा वाचून दाखवला.

"खरंच आहे की," आई म्हणाली आणि कूस बदलायला गेली, पण गुडघ्यांमुळे जमलं नाही.

मलाही घराविषयी लिहिणं भाग होतं. कमी तारे देणारा माणूस भांडकुदळ समजला जातो, म्हणून मी पाच दिले. लिहिलं: 'दारापासून अकरा पावलांवर गार, निर्मळ पाणी. आमची आई तासन्‌तास पाय सोडून बसली होती. अवश्य जा.' हा अभिप्राय उपयोगी पडल्याचं आजवर दोनशे चौदा जणांनी कळवलं आहे.

त्यात तुम्हीही होतात. परवा तुमचा अभिप्राय वाचला. पाच तारे दिलेत, छान केलंत. तुमच्याही आई म्हणे तासन्‌तास पाय सोडून बसल्या होत्या.