नत्थूकाकांची सबफ्रेम

नत्थूकाका आमच्या घरी आले की मी आधी पंखा बंद करतो. उकाड्यानं जीव गेला तरी चालेल, पण फिरता पंखा काकांच्या कानावर पडता कामा नये. पडला की ते मान तिरपी करतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "रमेश, आवाज येते गा. खोलून पाहू?"

हे 'खोलून पाहू' म्हणजे आमच्या गल्लीवरचं संकट आहे. पवनीत खिशाला पेन लावणारे पुष्कळ. काका पाना लावतात. त्यांनी देवळातला लाऊडस्पीकर खोलून पाहिला. आमचा मिक्सर खोलून पाहिला. तो अजून चालतो, फक्त बंद होत नाही, प्लग उपसावा लागतो. एकदा साकोलीहून येताना चालत्या एसटीतल्या सीटचे नट आवळत आले. कंडक्टरनं हटकलं तर म्हणाले, "तुमचंच काम करून राहिलो नं बाप्पा!"

आमच्या जिल्ह्याचे दोन होऊन गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर थोड्याच दिवसांत काकांनी गोंदियाहून एक जुनी चारचाकी आणली. आता दुसऱ्या जिल्ह्यातली गाडी, तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा? म्हणून आणल्या दिवशीच खोलून पाहिली. तेव्हापासून तिचं बॉनेट बंद असलेलं मी फारसं पाहिलेलं नाही.

ह्याचा खरा जाच होता शेवंताकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला. काकूंचं माहेर कोंढा, पवनीपासून जवळच. दिवाळीनंतर तिथे मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. दुकानं लागतात, रात्री नाचगाण्याची दंडार होते, लेकीबाळी माहेरी येतात, आणि काकूंची म्हातारी आई ओसरीत बसून लेकीची वाट पाहते. एसटीची पायरी काकूंच्या गुडघ्यांना झेपत नाही. आणि काकांसोबत गाडीनं निघालं की कोंढा येतच नाही. मागच्या मंडईला अर्ध्या वाटेत काकांना आवाज आला, त्यांनी धानाच्या बांधीजवळ गाडी खोलली, आणि दोघं कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून परत पवनीला आले. तिकडून आईनं निरोप धाडला, "पुढच्या मंडईले मी राहीन का नाही, सांगता येत नाही." काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत. काका जेवले, पण त्यांनी कुकरची शिट्टीसुद्धा खोलली नाही, म्हणजे त्यांनाही लागलंच असणार.

उन्हाळ्यात दोघं रोज पहाटे गाडी घेऊन नदीकडे जायचे. कशाला, असं विचारलं तर काका म्हणायचे, "सकाळच्या पारी आवाज साफ येते." आम्ही हसायचो आणि कूस बदलून झोपायचो.

आणि मग ह्या वर्षी दसरा झाल्याबरोबर काकांनी जाहीर केलं, "क्लच काढाचा आहे. घरीच."

बसस्टँडजवळच्या मिस्त्रीनं गाडी फिरवून पाहिली. "काका, क्लच तं चालून राहिला. जरासा कडक आहे, बस. काहून खोलता?" वर त्यानं भीतीही घातली. ह्या गाडीचा क्लच काढायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि त्याच्याआधी सबफ्रेम, म्हणजे इंजिनाखालची अख्खी लोखंडी चौकट. ते ऐकून काकांचा चेहरा असा खुलला की मिस्त्रीच घाबरला.

गाडीखाली बसायला खड्डा हवा. काकांच्या घरात तो होता. पूर्वी त्यांच्याकडे खड्ड्याचा हातमाग होता. विणणारा काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि पायानं खालच्या पावड्या दाबत राहतो. माग चालवायच्या काकू. काका सायकलवर लुगडी लादून बाजार करायचे. माग कधीचाच विकला, खड्डा राहिला. दुसऱ्या कोणी अंगणात नवा खड्डा खणला असता. काकांनी पुढची भिंत पाडली आणि गाडी घरात आणली. टीव्हीशेजारी ती पाहुण्यासारखी उभी राहिली.

"भिंत कायले पाडली जी?" मी विचारलं.

"मंग खड्डा बाहेर नेता येते का?" काकांनी उलट मलाच विचारलं.

मग गल्लीला दुसरं काम उरलं नाही. काका खड्ड्यात, काकू ड्रायव्हरच्या सीटवर. खालून आवाज यायचा, "दाब वो!" काकू क्लच दाबायच्या. "सोड!" त्या सोडायच्या. मधेच काका विचारायचे, "दुखते का?" हे ते गाडीला विचारतात अशी आमची समजूत होती. बाया पदर तोंडाला लावून हळहळायच्या, "बिचारीले ह्या वयात काय काय करा लागते!"

सबफ्रेम उतरवायच्या दिवशी तर जत्राच होती. खालची चौकट काढली की इंजिन अधांतरी राहणार, म्हणून काकांनी ते विहिरीच्या दोरानं छताच्या मयालीला, म्हणजे आडव्या तुळईला, टांगलं. मला जॅकवर बसवलं. काढलेला एकेक बोल्ट काकू रंगीत सुतात ओवून गाठ मारत होत्या, मागावर धागे लावावेत तशा क्रमानं. शेवटचा बोल्ट सुटला, चौकट खाली आली, मयाल करकरली आणि छपराचे दोन कवेलू बॉनेटवर पडून फुटले.

"काकाजी, घर खाली येऊन राहिलं!" मी ओरडलो.

"इंजिन जाग्यावर आहे नं?" खड्ड्यातून आवाज आला. "मंग घर मागून खोलून पाहू."

नवी क्लचप्लेट आली, नवी केबल आली. बोल्ट धाग्यावरून उतरून जागच्या जागी गेले. पण काकांचं समाधान होईना. येणाऱ्या-जाणाऱ्याला आत ओढून ते क्लच हातानं दाबायला लावायचे. "हलका आहे का? पावडीसारखा हलका पाहिजे." पुन्हा खड्ड्यात उतरायचे, पुन्हा केबल सैल करायचे. इकडे मंडई तोंडावर आली होती. काकू यंदाही जात नाहीत, असं आम्ही सगळ्यांनी धरूनच टाकलं.

मंडईच्या सकाळी आम्ही मजा पाहायला जमलो. काकांनी ड्रायव्हरचं दार उघडलं आणि बाजूला झाले. नवं लुगडं नेसलेल्या काकू अनारशांचा डबा घेऊन आत बसल्या. पिशवीतून लायसन काढून त्यांनी समोर ठेवलं. क्लच दाबला, गिअर टाकला, आणि पाडलेल्या भिंतीच्या एकाही विटेला धक्का न लावता गाडी रिव्हर्स बाहेर काढली.

"काकाजी, तुमी नाही जात?" मी विचारलं.

"मी गेलो तं कोंढा येते का?"

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. काका मान तिरपी करून, डोळे मिटून ऐकत राहिले.

"आवाज येते का?" मी विचारलं.

"नाही गा. बराबर आहे." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

मग ते आत जाऊन खड्ड्याच्या काठावर बसले, पाय आत सोडून. म्हणाले, "उन्हाळ्यातच शिकली ते, नदीवर. पण क्लच दाबून दाबून गुडघा सुजे. ह्याच खड्ड्यात बसून तिनं जिंदगीभर पावड्या दाबल्या नं. मी हवा खात बाजार फिरलो. गुडघे गेले ते तिचे."

"मंग आमाले काहून नाही सांगितलं? सारी गल्ली हसली तुमाले."

"हसू दे. लोक मले पाहून हसत होते, तं तिच्याकडं कोणाचं ध्यान गेलं नाही. तिले हसले असते तं ते पुन्हा बसली नसती गाडीत."

हसणाऱ्यांत मीही पुढेच होतो.

तेवढ्यात फोन वाजला. काकू पोचल्या होत्या. मागून ढोलकी आणि माणसांचा गलका ऐकू येत होता. "माय गळ्यातच पडली जी," त्या ओरडून सांगत होत्या. "आता पाच-सहा रोज राहतो म्हटलं."

"राह्य, राह्य. क्लच दुखला का?"

"नाही जी."

फोन ठेवून काका पाना ह्या हातातून त्या हातात करत बसले. आजूबाजूला पाहिलं. खोलायला काहीच उरलं नव्हतं. "घर लय मोठं वाटून राहिलं रमेश," ते म्हणाले. भिंत नव्हती म्हणून नव्हे, हे मलाही कळत होतं.

मी घरी आलो. पंखा फिरत होता, अगदी बिनआवाज, मागच्याच महिन्यात नवा आणलेला. मी थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि परत काकांच्या दारात गेलो.

"काकाजी, आमचा पंखा आवाज करून राहिला जी."

काकांनी मान वर केली. "खोलून पाहू?"

"पाहा," मी म्हणालो, आणि स्टूल आणायला धावलो.